भोक सारखं दिसलं म्हणून काम सारखं नसतं: कॉम्प्युटरच्या पोर्टबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज तीन-चार फोटो तरी येतातच. लॅपटॉपची कड, त्यावर कुणाचं तरी बोट, आणि खाली मेसेज, "दादा हे कशाचं आहे?" फोटो निम्मा हललेला असतो आणि बोट नेमकं जे बघायचंय त्याच्यावरच असतं ते सोडा. कोल्हापुरात कॉम्प्युटर रिपेअरिंग करून बरीच वर्षं झाली, तीच तीच उत्तरं टाइप करून आता कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय. क्रम फारसा लावलेला नाही, सापडेल तसं वाचा.

प्रश्न: पोर्ट, पिन, जॅक, सॉकेट सगळं एकच ना?

बोलताना एकच. नीट बघितलं तर कॉम्प्युटरवरची जागा म्हणजे पोर्ट आणि केबलचं टोक म्हणजे पिन, पण आपल्याकडे चार्जरची पिन, हेडफोनची पिन, नेटची पिन, सगळ्यालाच पिन म्हणतात आणि दुकानदाराला कळतं, त्यामुळे ते चालतंय. चालत नाही ते दुसरंच. भोकाचा आकार ही एक गोष्ट, आणि त्यातून काय वाहतं ही वेगळी गोष्ट. एसटी स्टँडवर सगळ्या लाल गाड्या सारख्याच दिसतात, तरी आपण पाटी वाचल्याशिवाय चढत नाही. पोर्टच्या शेजारी बारीक खुणा छापलेल्या असतात ना, विजेचा बाण, एसएस, १० आकडा, तीच ती पाटी. ती न वाचता केबल घ्यायला येणारे लोक दुसऱ्या दिवशी केबल परत करायला येतात, हे मी रोज बघतो.

प्रश्न: यूएसबी पहिल्या वेळी नेहमी उलटीच का जाते?

तुमचीच नाही, सगळ्या जगाची जाते. यूएसबी बनवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पहिली यूएसबी आली १९९६ ला. दोन्ही बाजूंनी जाणारी का नाही केली, तर खर्च. जास्त तारा, जास्त सर्किट, आणि तेव्हा मुळात कंपन्यांनी हे पोर्ट बसवावं म्हणूनच स्वस्तात ठेवायची धडपड होती. हे त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलंय.

उपाय सोपा आहे. लॅपटॉपच्या पोर्टमध्ये डोकावून बघितलं तर प्लास्टिकची एक जीभ दिसते, ती सहसा वरच्या बाजूला असते. म्हणजे पेनड्राइव्हच्या तोंडातला भरीव भाग खाली आणि मोकळा भाग वर धरायचा. केबलवर यूएसबीची त्रिशूळासारखी खूण असते ती बहुतेक वेळा वर येते. जात नसेल तर ढकलू नका, फिरवा. ढकलून तुटलेल्या जिभा मी महिन्याला दोन-तीन तरी बदलतो, आणि लॅपटॉपमध्ये तो पोर्ट थेट बोर्डावर सोल्डर केलेला असला तर काम पाच मिनिटांचं राहत नाही.

प्रश्न: काही यूएसबी निळ्या, काही काळ्या. फरक काय?

साधारणपणे काळी म्हणजे २.०, निळी म्हणजे ३.०. साधारणपणे म्हणतोय कारण रंगाची सक्ती नाही, बऱ्याच लॅपटॉपमध्ये आता सगळ्याच काळ्या असतात, मग शेजारी एसएस (सुपरस्पीड) लिहिलंय का बघायचं, नाहीतर आत पाच जादा पिना दिसतात का ते मोबाइलच्या टॉर्चने बघायचं.

२.० आली २००० साली, कागदावर स्पीड ४८० मेगाबिट. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, आठने भागायचं, म्हणजे ६०, आणि प्रत्यक्षात हातात पडतं ३०-४० एमबी सेकंदाला. ३.० आली २००८ ला, ५ गिगाबिट. आता लग्नाच्या शूटिंगचं बघा, फोटोग्राफर ५० जीबीची फोल्डर देतो. काळ्या पोर्टमधून ३५ च्या स्पीडने ती कॉपी व्हायला २४ मिनिटं लागतील, निळ्यातून साधी फिरती हार्डडिस्क जरी १०० ने चालली तरी सव्वाआठ मिनिटात काम खलास. माउस-कीबोर्डला मात्र निळ्या पोर्टचा कणभर फायदा नाही, त्यांना काळ्यात घाला आणि निळे डिस्कसाठी मोकळे ठेवा.

नावांचा घोळ मात्र त्या यूएसबीवाल्या लोकांनीच घातलाय. जे ३.० होतं त्याचंच पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं, स्पीड तीच ५ गिगाबिट. त्यामुळे बॉक्सवर "३.२" वाचून खूश होऊ नका, शेजारी किती गिगाबिट लिहिलंय तेवढंच वाचा. ५, १०, २० की ४०. बाकी सगळं सोडून द्या.

प्रश्न: एक्स्टर्नल हार्डडिस्क लावली की वायरलेस माउस अडकत अडकत चालतो. व्हायरस असेल का?

नाही ओ. याच्यासाठी एका माणसाने दुसऱ्या एका दुकानात विंडोज नवीन टाकून घेतली होती, पैसे गेले आणि माउस तसाच. कारण असं की यूएसबी ३.० चालू असताना तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि वायरलेस माउसचं डोंगल (यूएसबीत घालायचा तो बारका तुकडा) त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ लाच याच्यावर कागद काढला होता. डोंगल हार्डडिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, किंवा फूटभर एक्स्टेन्शन केबलने लांब न्या. डेस्कटॉप असेल तर मागचं डोंगल पुढच्या पोर्टला आणा. फुकटात बरा होणारा आजार आहे हा.

प्रश्न: पुढच्या यूएसबीला डिस्क लावली की मध्येच निघून जाते, मागे लावली की चालते. असं का?

कॅबिनेटचे पुढचे पोर्ट मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर) नसतात, आतून एक लांब केबल पुढपर्यंत आणलेली असते, स्वस्त कॅबिनेटमध्ये ती केबल पण स्वस्तच. त्यात फिरत्या डिस्कला चालू होताना करंट जास्त लागतो. २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलीअँपियर देतो, ३.० ने ९०० द्यायला पाहिजे. डिस्क मागे, पेनड्राइव्ह पुढे, एवढं धोरण ठेवा.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला सी टाइप आहे. म्हणजे चार्जिंग, मॉनिटर सगळं त्याच्यावर होईल ना?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर सगळ्यात लांब आहे, चहा घेऊन बसा.

सी टाइप हा आकार आहे. फक्त आकार. २०१४ ला ठरला, आत २४ पिना, सुलटा-उलटा कसाही जातो. त्या आकारातून तीन कामं होऊ शकतात: डेटा, चार्जिंग आणि डिस्प्ले. "होऊ शकतात" हे दोन वेळा वाचा, कारण कंपनीने कुठलं काम चालू ठेवलंय ते कंपनीवर आहे. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपचा सी टाइप फक्त डेटाचा असतो, चार्जर लावला तर दिवासुद्धा लागत नाही आणि मॉनिटर लावला तर नो सिग्नल. पोर्ट बिघडलेला नसतो, त्यात ते कामच दिलेलं नसतं.

पाटी बघा. शेजारी पी आणि डी एकमेकांत अडकल्यासारखी खूण असेल तर डिस्प्ले बाहेर निघतो. प्लगचं किंवा बॅटरीचं चित्र असेल तर चार्जिंग होतं. विजेचा बाण असेल तर तो थंडरबोल्ट, त्याच्यावर बहुतेक सगळंच चालतं, थंडरबोल्ट ३ आणि ४ ला ४० गिगाबिटपर्यंत (थंडरबोल्ट ३ पासून तो सी टाइपच्या आकारात येतो, २०१५ नंतर). काहीच खूण नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशन काढा, तिथं "डिस्प्लेपोर्ट" आणि "पॉवर डिलिव्हरी" हे दोन शब्द शोधा. दोन्ही सापडले नाहीत तर तो पोर्ट पेनड्राइव्हपुरताच आहे असं धरा.

पोर्ट झाला, आता केबल. ती पण तशीच. मोबाइलसोबत आलेली सी टू सी केबल बहुतेक वेळा चार्जिंगसाठी बनवलेली असते, डेटा २.० च्याच स्पीडने, म्हणजे २००० सालची स्पीड आजच्या केबलमध्ये. तिच्यातून डिस्प्ले जात नाही कारण त्यासाठी लागणाऱ्या तारा तिच्यात घातलेल्याच नसतात. एक कॉलेजचा मुलगा मॉनिटर बदलून घ्यायला आला होता, मॉनिटर बरा होता, केबल मोबाइलची होती. आयफोनचं पण घ्या, २०२३ ला आयफोन १५ ला सी टाइप आला तेव्हा लोकांना वाटलं आता डेटा सुसाट जाणार, पण साध्या १५ ला स्पीड ४८० मेगाबिटच दिली, प्रो मॉडेलला १० गिगाबिट. एकच वर्ष, एकच कंपनी, एकच भोक.

चार्जिंगमध्ये पण हेच. साधी चांगली सी टू सी केबल ६० वॉटपर्यंत नेते. त्याच्या वर १०० वॉट पाहिजे असेल तर केबलच्या टोकात एक बारकी चिप लागते, ती चार्जरला सांगते की मी ५ अँपियर झेपवते. ती चिप नसली तर चार्जर आपणहून कमी देतो, आणि मग तक्रार येते की "चार्जर मोठा घेतला तरी लॅपटॉप हळू चार्ज होतोय". २०२१ पासून तर नियमात २४० वॉटपर्यंत सोय झालीय. केबलवर वॉट लिहिलेली नसेल तर ६० धरा.

युरोपात २०२४ च्या शेवटापासून नवीन मोबाइलला सी टाइप सक्तीचा झाला, त्यामुळे सगळीकडेच आता हेच भोक दिसणार. चांगलं आहे, ड्रॉवरमधला केबलचा गुंता कमी होईल. फक्त सगळ्या केबल सारख्या दिसायला लागल्यावर कुठली कशाची ते ओळखायचं काम तुमच्यावर आलं. मी स्वतः टेप चिकटवून पेनने लिहितो, डिस्प्ले, १०० वॉट, नुसती चार्जिंग.

प्रश्न: दुकानदार व्ही८ म्हणतो ती कुठली केबल?

मायक्रो यूएसबी, जुन्या अँड्रॉइड मोबाइलची, एका बाजूला निमुळती. काही जण तिलाच बी टाइप म्हणतात. खरी बी टाइप म्हणजे प्रिंटरच्या मागची चौकोनी, दोन कोपरे कापलेली. त्यामुळे प्रिंटरसाठी केबल आणायला जाताना "बी टाइप" म्हणू नका, "प्रिंटर केबल" म्हणा, नाहीतर मोबाइलची घेऊन घरी याल.

प्रश्न: टीव्हीला एचडीएमआयने लॅपटॉप जोडला, चित्र येतंय पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो.

एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, केबल बरोबर आहे. खाली कोपऱ्यात स्पीकरच्या खुणेवर क्लिक करा, तिथं आवाज कुठून काढायचा त्याची यादी येते, टीव्हीचं नाव निवडा. झालं. आणि चित्रच येत नसेल तर विंडोजचं बटण दाबून पी दाबा, डुप्लिकेट करा, आणि टीव्हीच्या रिमोटवर बरोबर एचडीएमआय नंबर निवडलाय का बघा, निम्म्या वेळा एचडीएमआय १ ला केबल आणि टीव्ही २ वर असतो.

फोर-के टीव्हीवर माउस चिखलातून ओढल्यासारखा चालत असेल तर लॅपटॉपचा पोर्ट बहुधा एचडीएमआय १.४ आहे, तो फोर-केला सेकंदाला ३० च चित्रं देतो. ६० पाहिजे तर लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे २.० लागतं. जुन्या लॅपटॉपवर टीव्हीचं रिझोल्यूशन १०८० ला आणा, पिक्चर बघायला काही फरक पडत नाही.

प्रश्न: सेट-टॉप बॉक्स लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावून मॅच बघता येईल का?

नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय ही बाहेर जायची वाट आहे, आत यायची नाही. आकार तोच, टीव्हीवर तो आत घेतो, लॅपटॉपवर बाहेर देतो. आत घ्यायचं असेल तर यूएसबीला लावायचं कॅप्चर कार्ड मिळतं, पण मॅचसाठी एवढा उपद्व्याप करू नका.

प्रश्न: शाळेच्या प्रोजेक्टरला निळी रुंद पिन आहे, माझ्या लॅपटॉपला ती जागाच नाही. काय करू?

ती व्हीजीए. १९८७ ची आहे, आयबीएमने काढलेली, १५ पिना तीन ओळीत, दोन्ही बाजूला स्क्रू. आज लॅपटॉपवरून गेली पण शाळा, कॉलेज आणि सरकारी हॉलच्या भिंतीतून गेलेली केबल कोण बदलणार, त्यामुळे ती अजून दहा वर्षं तरी भेटत राहील.

एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग, म्हणून मध्ये चिप असलेलाच कन्व्हर्टर लागतो, नुसत्या तारा जोडलेली केबल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ती चालणार नाही. आणि तो कन्व्हर्टर उलटा चालत नाही. जुना व्हीजीएचा पीसी नव्या एचडीएमआय टीव्हीला जोडायचा असेल तर व्हीजीए टू एचडीएमआय असा वेगळा मागायचा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यामुळे मुलांना व्हिडिओ दाखवायचा असेल तर स्पीकरची वायर वेगळी न्या, हे शिक्षकांना कार्यक्रमाच्या दिवशीच कळतं.

अजून एक, बऱ्याच व्हीजीए केबलमध्ये मधल्या ओळीत एक पिन नसते. तुटलेली नाही, नववी पिन मुद्दामच देत नाहीत. वाकडी पिन मात्र खरंच त्रास देते, चित्र पिवळं किंवा गुलाबी दिसायला लागलं की आधी पिना बघायच्या.

प्रश्न: नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी. कार्ड खराब आलं?

मॉनिटरची केबल कुठं लावलीय ते बघा. उभ्या कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबी, नेट वगैरेची गर्दी असते तिथला एचडीएमआय मदरबोर्डचा. खाली आडवी पट्टी असते तिथले पोर्ट कार्डाचे. केबल खाली लावा. वर लावलेली असली तर कधी स्क्रीन काळी राहते, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी चालते, मग माणूस महिनाभर मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर गेम खेळतो आणि म्हणतो कार्डात दम नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर वरच्या एचडीएमआयमधून काही येणारच नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं.

कार्डावर एचडीएमआयसारखंच पण एकच कोपरा कापलेलं भोक असतं तो डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरसाठी उत्तम. त्याच्या पिनेला वर छोटं बटण असतं, काढताना ते दाबायचं. न दाबता ओढलं तर कार्डासकट बाहेर येईल.

प्रश्न: नेटचा प्लॅन २०० मेगाबिटचा आहे पण केबलने लॅपटॉपला ९४-९५ च्या वर स्पीड जात नाही. वायफायवर जास्त येते. नेटवाला फसवतोय का?

कधी कधी फसवत असेल, पण या आकड्यात तो निर्दोष आहे. ९४-९५ दिसलं की समजायचं लिंक १०० वर अडकलीय.

नेटच्या पिनेत, आरजे-४५ मध्ये, आठ तारा असतात, चार जोड्या. १०० ची लिंक त्यातल्या दोनच जोड्यांवर चालते, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा क्रिंप (तारा दाबून पिनेत बसवणं) नीट बसली नाही की नेट बंद पडत नाही, बहुतेक वेळा गपचूप १०० वर उतरतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. एकाच्या घरी सहा महिने असंच चाललं होतं. पिन कापून नवीन क्रिंप केली, पाच मिनिटांचं काम. केबल ठीक असेल तर राउटरचा पोर्ट बघा, स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, मग तिथं इलाज नाही.

पिनेचं प्लास्टिकचं क्लिप तुटलं असेल तर ती पण बदलून घ्या, कागदाची घडी खुपसून ठेवू नका. आणि तशीच दिसणारी पण अरुंद पिन म्हणजे आरजे-११, जुन्या लँडलाइनची, ती नेटच्या भोकात सैल जाते पण काम काही करत नाही.

प्रश्न: वळवाच्या पावसानंतर नेटचा पोर्ट मेला. चार्जर तर काढून ठेवला होता.

चार्जर काढला, नेटची केबल राहिली. छतावरून, खांबावरून आलेली तांब्याची केबल म्हणजे जवळपास वीज पडली की झटका थेट राउटरमध्ये आणि तिथून लॅपटॉपच्या पोर्टात. मे महिन्याच्या शेवटी माझ्या टेबलावर अशा बोर्डांची रांग असते. फायबर काचेचं असतं, त्यातून करंट येत नाही, पण फायबरच्या डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल तांब्याचीच आणि त्या डब्याचा ॲडॉप्टर लाइटच्या बोर्डात. गडगडायला लागलं की दोन्ही काढा. फक्त पोर्ट मेला असेल आणि बाकी लॅपटॉप चालत असेल तर बोर्ड रिपेअरच्या मागे न लागता यूएसबी टू लॅन ॲडॉप्टर (यूएसबीत लावून नेटची केबल जोडायचा) घ्या, स्वस्तात सुटाल.

प्रश्न: चार्जिंगला लावल्यावर यूएसबीच्या कडेला किंवा बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात. शॉक बसेल का?

चार्जरमध्ये लाइटची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक बारका कपॅसिटर असतो, गोंगाट दाबायला. त्यातून अगदी थोडा करंट पलीकडे झिरपतो. घरात अर्थिंग बरोबर असेल आणि चार्जर तीन पिनचा असेल तर तो जमिनीत जातो. दोन पिनचा चार्जर असेल, किंवा तीन पिनचा असून भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला वायरच नसेल (जुन्या घरात सर्रास नसते), तर तो तुमच्या हातातून जायला बघतो, म्हणून झिणझिण्या. अनवाणी ओल्या फरशीवर जास्त जाणवतं. सौम्य असेल तर जिवाला धोका नसतो पण इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग बघून घ्या. जोरात झटका बसत असेल तर तो चार्जर त्या क्षणी बंद करा, पुन्हा लावून बघू नका.

प्रश्न: गोल पिनचा चार्जर बसतोय, मग लावला तर चालेल ना?

बसतोय आणि चालतोय यात व्होल्टचा फरक असतो. तीच गोल पिन राउटरला ९ किंवा १२ व्होल्ट, मॉनिटरला, लॅपटॉपला १९ व्होल्ट. एका गिऱ्हाइकाने मॉनिटरचा १९ चा ॲडॉप्टर १२ च्या राउटरला लावला, पिन अगदी फिट, राउटर पण फिट, एकदाच. मागचा स्टिकर वाचा, व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपियर जास्त असले तर हरकत नाही, कमी नकोत. प्लस-मायनसचं छोटं चित्र असतं ते पण सारखं पाहिजे.

प्रश्न: मोबाइलचा हेडफोन पीसीला लावला, ऐकू येतं पण माइक चालत नाही.

डेस्कटॉपला हिरवं भोक आवाजाचं आणि गुलाबी माइकचं, वेगवेगळं. मोबाइलच्या एकाच पिनेवर दोन्ही असतात, पिनेवर तीन काळे पट्टे बघा. दोन फाट्यांचा स्प्लिटर मिळतो तो घ्या. लॅपटॉपला एकच भोक असतं आणि शेजारी माइकसकट हेडफोनचं चित्र असतं, तिथं थेट चालतो. आणि निळं भोक दुसऱ्या यंत्रातून आवाज आत घ्यायला, ते बहुतेकांना आयुष्यात लागत नाही.

प्रश्न: जांभळं आणि हिरवं गोल भोक?

पीएस/२. जांभळं कीबोर्ड, हिरवं माउस. चालू पीसीत काढ-घाल करू नका, आधी बंद करा.

प्रश्न: नऊ पिनचं जुनं भोक आता कुणाला लागतं? फेकून देऊ का ती केबल?

अजिबात फेकू नका! सिरियल पोर्ट, आरएस-२३२, १९६० पासूनचं खोड आहे, आणि घरातून गेलं तरी कामाच्या जागेवरून गेलेलं नाही. शिरोली एमआयडीसीत जुनी सीएनसी मशीन आहेत त्यांना प्रोग्रॅम त्याच्यावरूनच जातो. उसाच्या गाड्या तोलायचा वजनकाटा, त्याच्या इंडिकेटरमधून वजन कॉम्प्युटरला त्याच्यावरूनच येतं. गावातल्या दूध डेअरीत फॅटचं मशीन आणि काटा पण. ही यंत्रं वीस-वीस वर्षं चालतात, कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांत बदलतो, आणि नव्या कॉम्प्युटरला हे भोक नसतं, तिथं घोटाळा.

यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर मिळतो, पण तो घालून लगेच चालेल असं नाही. तीन गोष्टी तपासा. एक, ड्रायव्हर (विंडोजला कन्व्हर्टर ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर), आतल्या चिपचा खराच पाहिजे, नकली चिप असली की विंडोज अपडेटनंतर बंद पडायची शक्यता असते. दोन, कॉम पोर्टचा नंबर. डेअरीचं सॉफ्टवेअर कॉम १ शोधत बसतं आणि विंडोजने कन्व्हर्टरला दिलेला असतो कॉम ५, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन बदलता येतो. आणि कन्व्हर्टर नेहमी त्याच यूएसबीत घाला, दुसऱ्यात घातला की नंबर बदलू शकतो. तीन, केबल सरळ की क्रॉस. दोन्ही बाहेरून हुबेहूब सारख्या, आतल्या दोन नंबर आणि तीन नंबरच्या तारा एकीत अदलाबदल केलेल्या. मल्टीमीटरने बघायचं आणि वर लिहून ठेवायचं. एका डेअरीवर संध्याकाळचं दूध घेऊन माणसं रांगेत उभी आणि आकडा स्क्रीनवर येईना, सगळं तपासून झालं, शेवटी केबल सरळ निघाली. तेव्हापासून दोन्ही केबल बॅगेतच असतात.

प्रश्न: कडेला एक छोटं भोक आहे, त्यात कुठलीच पिन जात नाही.

आडव्या फटीसारखं, आत मोकळं? ते पोर्ट नाही, लॅपटॉपला कुलूप लावायची जागा आहे.

प्रश्न: सी टाइप सैल झालाय, केबल नीट बसत नाही. बदलावा लागेल?

आधी साफ करून बघा. मोबाइल असेल तर खिशातला कापूस आत दाबून दाबून पार तळाला घट्ट थर होतो, मग केबल टक्क करून बसतच नाही. बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, कडेकडेने अलगद उकरा, मधल्या जिभेला धक्का नको. सेफ्टी पिन, सुई अजिबात नको, दोन पिना चिकटवून टाकाल. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी जाते. पावसाळ्यात दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढलेला दिसला तर दुकानात आणा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून देतो. कोकणातून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे फार बघतो. साफ करून पण हलत असेल तर मग बदलायचा.

प्रश्न: नवीन लॅपटॉप घेतोय, पोर्ट कुठले बघू?

तुमच्याकडे काय काय जोडायचंय त्याची यादी आधी कागदावर लिहा, मग लॅपटॉप बघा. उलटं करता म्हणून नंतर डोंगलवर पैसे जातात. माझं मत विचाराल तर दोन तरी मोठे यूएसबी, एक पूर्ण आकाराचा एचडीएमआय, आणि चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही देणारा एक तरी सी टाइप. चार्जिंग सी टाइपवर असेल तर चार्जर हरवला तरी गाडी अडत नाही. नेटचा पोर्ट आता पातळ लॅपटॉपमध्ये देत नाहीत, ऑनलाइन परीक्षा किंवा घरून काम असेल तर यूएसबी टू लॅन ॲडॉप्टर सोबतच घ्या.

हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, हबमधून चार्जर लावला तर हब स्वतःसाठी थोडे वॉट कापून घेतो, ६५ चा चार्जर लावला तरी लॅपटॉपला त्याहून कमी पोचतात. आणि हब कोमट होणारच, त्याला घाबरू नका. हात ठेववत नाही एवढा तापला तर मात्र काढा आणि घेऊन या.